स्कालित्झर रस्त्यावरील पाट्या

बर्लिनच्या स्कालित्झर रस्त्यावर, फरसबंदीत बसविलेल्या पितळी पाट्यांवर, बर्लिनच्या ज्यू कुटुंबातल्या मार्गोट फ्रीडलेंडर यांच्या आईचे व भावाचे नाव आहे. जानेवारी १९४३ मध्ये नाझींच्या गुप्त पोलिसांनी, गेस्टापोने, भावास अटक केल्यावर आई स्वेच्छेने त्याच्यामागोमाग गेली, दोघेही ऑशविट्झला मारले गेले, आणि एकवीस वर्षांच्या मार्गोटजवळ उरली ती आईची हातपिशवी, पत्त्यांची वही आणि तृणमण्यांची माळ. सरकारी दफ्तरांतले हुकूम वाचून जे विद्यार्थ्यांस, माझ्या मते, कधीच उमगले नसते, ते पुढे स्वतःही एका नाझी छावणीतून बचावलेल्या व २०१० साली, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, न्यूयॉर्कहून मायदेशी परतलेल्या या वृद्धेने शाळाशाळांतून समक्ष सांगितले. ९ मे २०२५ रोजी त्या निवर्तल्या. दोनच दिवस आधी बर्लिनच्या नगरभवनात त्या बोलल्या होत्या.