तेराव्या विभागातलं लग्न

1860 पूर्वीच्या पॅरिसमध्ये एखादं जोडपं लग्नाविना एकत्र राहू लागलं की लोक म्हणत, यांचं लग्न तेराव्या आरोंदिस्माँच्या कचेरीत लागलंय. आरोंदिस्माँ म्हणजे शहराचा प्रशासकीय विभाग, आणि तेव्हा असे विभाग होते बाराच. जी कचेरी नाही तिथे जे लग्न नाही ते लावून टाकायचं, अशी ती थट्टा. मग 1 जानेवारी 1860 रोजी शहराची हद्द वाढली, बाराचे वीस विभाग झाले आणि थट्टेतली कचेरी खरोखरच उघडण्याची वेळ आली. जुन्या रीतीने पश्चिमेकडून ओळीने आकडे टाकले असते, तर तेरा हा क्रमांक पासी आणि ओतय या बागाबंगल्यांच्या श्रीमंत वस्तीच्या कपाळी आला असता. तिथल्या मंडळींना हे सोसवेना. पासीचे महापौर पोसोझ यांनी तोड सुचवली, असं सांगतात: लूव्ह्रपासून आरंभ करावा आणि घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत फिरत बाहेर जावं. पॅरिसकर आजही आपल्या नकाशाला गोगलगाय म्हणतात. पासीला सोळावा क्रमांक मिळाला, आणि तेरावा गेला आग्नेयेकडच्या गोबलँ भागातल्या कष्टकऱ्यांकडे. त्यांच्या वतीने कुणी भांडल्याचं ऐकिवात नाही.

ही गोष्ट गमतीची असली तरी मला ती फसवी वाटते. तिच्यावरून वाटतं की राजधानीची वाटणी म्हणजे मानपानाचा आणि सोयीचा प्रश्न. पॅरिसचे विभाग मुळात सोयीसाठी पडलेच नाहीत. ते भीतीपोटी पडले. फ्रान्सच्या प्रत्येक राजवटीला आपल्याच राजधानीची धास्ती वाटत आली आहे.

1789 मध्ये निवडणुकीसाठी पॅरिसचे साठ तुकडे केले होते. मतदान आटोपल्यावर ते विरून जायचे होते. पण एका गल्लीतली माणसं एकदा एका सभागृहात बसली, एकमेकांचे आवाज ओळखू लागली, की त्यांना घरी पाठवणं सोपं नसतं. पुढच्या वर्षी साठांचे अठ्ठेचाळीस ‘सेक्शन’ झाले, आणि ऑगस्ट 1792 मध्ये याच सेक्शनांच्या प्रतिनिधींनी नगरपालिका ताब्यात घेऊन राजेशाही उलथवली. मतदारयादीसाठी आखलेल्या रेघांच्या आत क्रांती शिजली. तीन वर्षांनी वारं फिरलं. ऑक्टोबर 1795 मध्ये राजनिष्ठ सेक्शनांनी उठाव केला, तो तरुण बोनापार्टने तोफांनी मोडला, आणि आठवड्याच्या आत, 11 ऑक्टोबरला, पॅरिसच्या बारा वेगवेगळ्या नगरपालिका करणारा कायदा आला. चार-चार सेक्शन एकत्र बांधून एकेक विभाग, आणि सबंध शहराला महापौर नाही. एकट्या पॅरिसवर हा प्रयोग नव्हता. लिओं, बोर्दो आणि मार्सेय यांचीही अशीच शकलं झाली. मोठ्या शहराला एक डोकं असू नये, हा त्या काळच्या शहाणपणाचा सारांश.

1860 च्या हद्दवाढीत या भीतीच्या जोडीला पैसा आला. त्याआधी शहराची वेस होती ती जकातीची. 1780 च्या दशकात करवसुलीचे मक्तेदार असलेल्या सावकारमंडळाने ही भिंत बांधवली. थोर रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए त्या मंडळाचा सदस्य होता आणि भिंतीच्या पुरस्कर्त्यांपैकी एक. (1794 मध्ये तो गिलोटिनखाली गेला तो या मक्तेदारीपायी.) भिंतीच्या आत दारूवर जकात, बाहेर नाही, म्हणून वेशीबाहेर गुत्ते, नाचघरं आणि स्वस्त भाड्याच्या खोल्या फोफावल्या. 1840 च्या दशकात त्यांच्याही पलीकडे लष्करी तटबंदी उभी राहिली आणि ही गावं दोन भिंतींच्या मध्ये सापडली. सम्राट नेपोलियन तिसरा आणि त्याने नेमलेला शहराचा कारभारी, म्हणजे प्रीफेक्ट, ओसमान यांनी ती शहरात ओढली. अकरा गावं पुरती नाहीशी झाली, आणि जकातनाके सरकत नव्या वेशीवर गेले.

यातलं बेलव्हिल हे साठ हजारांच्या आसपास वस्तीचं कामगारांचं गाव. ते एकसंध ठेवण्याऐवजी त्याच्या मुख्य रस्त्यावरूनच सीमा नेली गेली: एक बाजू एकोणिसाव्या विभागात, दुसरी विसाव्या. हा निव्वळ योगायोग होता, असं मला तरी वाटत नाही. पण योजना फळली नाही. मे 1871 मध्ये पॅरिस कम्यून या बंडखोर नगरसरकारच्या अखेरच्या लढाया झाल्या त्या बेलव्हिलच्याच गल्ल्यांत.

त्या लढायांच्याच आठवड्यात नगरभवन आणि न्यायमंदिर जळालं. सोळाव्या शतकापासूनच्या पॅरिसकरांच्या जन्ममृत्यूच्या आणि लग्नाच्या नोंदींची एक प्रत नगरभवनाच्या दप्तरात होती, दुसरी न्यायमंदिरात. खबरदारी म्हणून दोन ठिकाणी ठेवलेल्या दोन्ही प्रती एकाच सप्ताहात राख झाल्या. सुमारे 80 लाख नोंदी होत्या. खासगी कागद आणि चर्चची दप्तरं धुंडाळून जेमतेम एक तृतीयांश पुन्हा उभ्या करता आल्या. 1860 नंतरच्या नोंदी मात्र बहुतांशी टिकल्या, कारण त्यांची एक प्रत विभागांच्या कचेऱ्यांत पडून होती. शहर दुबळं करण्यासाठी केलेल्या वाटणीने त्याच्या माणसांची नावं वाचवली. असले योग इतिहासात फार नसतात, म्हणून त्यातून सिद्धान्त काढण्याचा मोह मी आवरतो.

कम्यूननंतर सरकारने पॅरिसला शतकभर महापौरच दिला नाही. खेड्यालाही महापौर असलेल्या देशात राजधानीचा कारभार सरकारनियुक्त प्रीफेक्ट पाहत राहिले. विभागांना महापौर होते, तेही नेमलेले. विवाह लावणं, नोंदी ठेवणं एवढंच त्यांचं काम. 1870-71 मध्ये प्रशियन सैन्याने शहराला घातलेल्या वेढ्यात अठराव्या विभागाचा महापौर असलेला तरुण डॉक्टर क्लेमांसो पुढे देशाचा पंतप्रधान झाला. त्यानंतर या पदाला तसं तेज आल्याचं दिसत नाही. सगळ्या शहराचा निवडून आलेला महापौर 1977 मध्ये मिळाला: जाक शिराक. पुन्हा डोकं आलं म्हणताच पुन्हा जुनं औषध निघालं. डिसेंबर 1982 मध्ये समाजवादी सरकारने विभागांना निवडलेल्या परिषदा आणि निवडलेले महापौर देणारा कायदा केला. विकेंद्रीकरण हे त्याचं सांगितलेलं कारण. पण शिराक यांचे पंख छाटणं हे न सांगितलेलं, असंच बहुतेकांनी मानलं. 1983 च्या निवडणुकीत शिराक यांच्या आघाडीने वीसच्या वीस विभाग जिंकले.

आज तर असमतोल इतका, की पहिल्या विभागात सोळा हजारांच्या आसपास माणसं आणि पंधराव्यात सव्वादोन लाखांच्या आसपास. म्हणून 2020 पासून पहिले चार विभाग ‘पॅरिस सांत्र’ या नावाने एका महापौराखाली आणले. पत्ते आणि पिनकोड तेवढे जुनेच ठेवले. सरकारला सत्ता एकत्र करता येते, पत्ता बदलायला ते धजत नाही. सोळाव्याचा रहिवासी आपण कुठे राहतो हे सांगतो ते आकड्यातच, आणि ऐकणारा त्यावरून त्याचं उत्पन्न, मत आणि पोरांची शाळा ओळखतो, किंवा ओळखल्यासारखं करतो.

खरा वाद आता विसांच्या आत राहिलेलाच नाही. 1973 मध्ये पुरा झालेला वर्तुळाकार महामार्ग जवळपास जुन्या तटबंदीच्या रेषेवरून जातो. त्याच्या आत 21 लाख लोक राहतात, आणि 2016 मध्ये स्थापन झालेल्या महानगर प्राधिकरणाच्या हद्दीत 70 लाख. भोवतालच्या गावांना आपापले महापौर आहेत आणि ते सोडायची त्यांची तयारी नाही. 1860 सारखी गावं एका फर्मानाने गिळता येत नाहीत, कारण आता गिळली जाणारी गावंही मतदान करतात.