चालकावांचून गाडी आणि पायीं चालणारा

अमेरिका व चीन येथील कांहीं शहरांत चालकावांचून चालणाऱ्या मोटारी आज भाड्यानें मिळतात. अशा गाड्यांस भारतांत येऊं देणार नाहीं, कारण पुष्कळ चालकांचा रोजगार बुडेल, असें केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनीं डिसेंबर २०२३ मध्यें नागपूर येथें सांगितलें. तथापि ह्या गाड्यांविषयीं नीतीचा जो प्रश्न उभा राहिला आहे, तो आपणांस परका नाहीं. प्रश्न असा कीं, धडक टळतच नसेल, तर यंत्रानें कोणास वांचवावें व कोणास मरूं द्यावें?

आपल्या देशाच्या कायद्यानें ह्याचा विचार फार पूर्वीं केला आहे. १८६० च्या दंडसंहितेच्या ८१ व्या कलमांत आगबोटीच्या कप्तानाचा दृष्टांत आहे. स्वतःचा कांहीं दोष नसतां त्याच्यापुढें वीस-तीस उतारूंची होडी येते. बोट थांबविण्यास अवकाश नाहीं. दिशा बदलावी तर दोनच उतारूंच्या दुसऱ्या होडीस धोका. ती कदाचित् वांचेलही. संकट तसेंच बिकट असतां, त्या दोघांस बुडविण्याचा हेतु न धरितां, त्यानें शुद्ध बुद्धीनें दिशा बदलली, तर तो अपराधी नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १९ व्या कलमांतही हेंच तत्त्व आहे.

परंतु कप्तान निवड करितो ती संकटाच्या क्षणीं. गाडीची निवड कित्येक महिने आधीं, खोलींत स्वस्थ बसून कोणी ठरविलेली असते. असें स्वस्थपणीं म्हाताऱ्याचें मोल कमी व तरुणाचें अधिक लाविणें, ह्यास कप्तानाची सबब लागूं पडत नाहीं. जर्मन सरकारनें नेमिलेल्या समितीनें २०१७ सालीं हेंच सांगितलें: गुराढोरांपेक्षां व मालमत्तेपेक्षां माणूस आधीं, पण माणसामाणसांत वय, लिंग किंवा शरीरस्थिति पाहून भेद करूं नये. जखमींची संख्या कमी व्हावी असा सामान्य नियम चालेल; मात्र ज्याचा त्या धोक्याशीं संबंध नाहीं, त्याचा बळी देऊं नये.

आतां जें खरोखर घडलें तें पाहा. १८ मार्च २०१८ च्या रात्रीं अमेरिकेंतील टेंपे गांवीं सायकल हातीं धरून रस्ता ओलांडणारी एक बाई अशा गाडीखालीं मेली. तेथें हा कीं तो अशी निवड करण्याचा प्रसंगच नव्हता. गाडीच्या यंत्रास धडकेपूर्वीं सुमारें ५.६ सेकंद कांहींतरी दिसलें होतें. पण ओलांडण्याची जागा नसेल तेथेंही माणूस रस्ता ओलांडील, हें त्यास शिकविलेलेंच नव्हतें. देखरेखीस बसविलेल्या माणसाचें लक्ष मोबाइलकडे होतें.

दाभोसा येथील, किंबहुना जव्हार-मोखाड्यांतील सर्व पायीं चालणाऱ्यांनीं हें ध्यानांत धरावें. आमच्या घाटांत रस्ता ओलांडण्यास पांढरे पट्टे कोठें आहेत? डोक्यावर मोळी घेतलेली बाई व गुरें वळणारा पोर वाट सांपडेल तेथून ओलांडतात. ज्या हिशेबांत त्यांस धरिलेंच नाहीं, त्यांत निवड कितीही न्यायाची असली तरी त्यांस न्याय नाहीं.

हा नियम जीप हांकणाऱ्या आपल्या बंधूंसही लागू आहे. आंधळ्या वळणावर वेग न आवरणाऱ्यानें आपला निर्णय आधींच करून ठेविलेला असतो. मग "इलाज नव्हता" असें म्हणण्याचा अधिकार त्यास राहत नाहीं. कप्तानास क्षमा आहे ती त्याचा दोष नव्हता म्हणून. यास्तव, कोण मरावा हें विचारण्यापूर्वीं, रस्त्यावर माणूस म्हणून कोणाकोणास धरिलें आहे, हें विचारावें.