कर्त्या पुरुषाचें ओझें

(वाचावें : २ राजे ४:१-७, मत्तय २६:३६-४६)



पांढरकवड्याच्या आसपास खेडोपाडीं फिरतांना एक शब्द आमच्या कानीं वारंवार पडतो : कर्ता पुरुष. जो बियाण्यासाठीं कर्ज काढतो, मुलीचें लग्न थाटानें करितो आणि मनांतलें कोणास सांगत नाहीं, तोच खरा मर्द असें लोक समजतात. निंदण व वेचणी बायकांच्या हातची. सातबारा व हिशेब मात्र पुरुषाचा.

आमची कपाशी बहुतांशीं पावसाच्या भरंवशावर. पाऊस चुकला किंवा भाव पडला, तर तो दोष शेतकऱ्याचा नव्हे. २००६ सालीं केंद्र सरकारला यवतमाळसह विदर्भांतील ६ जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांची मदत जाहीर करावी लागली; इतकें हें संकट मोठें होतें. तथापि कित्येक कर्त्या पुरुषांनीं ती आपलीच नामुष्की मानिली, सावकाराचा आंकडा पत्नीपासून लपविला आणि शेवटीं जीव दिला. कर्ज मात्र मेलें नाहीं. तें विधवेच्या दाराशीं येऊन बसलें.

शास्त्रांत अशीच एक विधवा आहे. तिचा पति देवभीरु होता, तरी ऋणांत मेला. धनको तिचे दोन पुत्र दास करून न्यावयास आला. अलीशानें मृताला दोष दिला नाहीं. घरांत काय आहे, एवढेंच विचारिलें. तिनें आपली अडचण उघड केली, म्हणूनच शेजाऱ्यांचीं रिकामीं भांडीं तिच्या घरीं आलीं, तेल विकून ऋण फिटलें, आणि उरलेल्यावर लेंकरें जगलीं.

आपल्या प्रभूकडे पाहा. गेथशेमानेंत त्यानें आपल्या जिवाचें दुःख तिघां शिष्यांस सांगितलें व आपल्याबरोबर जागे राहा म्हणून विनविलें. सांगणें हा त्याचा दुबळेपणा नव्हता. झोंपी गेले ते शिष्य! आमची मंडळीहि तशीच झोंपलेली नाहीं ना?

तर बंधूंनो, आज रात्रीं पत्नीला जवळ बसवून सारें देणें सांगा, बँकेचें आणि सावकाराचेंहि. भगिनींनो, त्या रात्रीं टोमणा मारूं नका. मंडळीनें साध्या लग्नास नांवें ठेवूं नयेत. आणि उपदेशक बंधूंनो, पीकपाणी विचारून परत फिरूं नका. ओझें विचारा, आणि ऐकलेलें पोटांत ठेवा.

प्रभु आम्हां सर्वांस एकमेकांसाठीं जागे ठेवो. आमेन.