सुईचे मुखत्यारपत्र

दिवाणी न्यायालयात हयात घालवून पेन्शनीत आलेले मामा आणि पुण्यातल्या शाळेत शिकवणारी त्यांची भाची यांच्यातील हा वाद. भाचीच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी निघाले, डॉक्टरांनी इंजेक्शनांचा क्रम पुरा करून तिला गोळ्यांवर आणले, आणि थोड्याच अवधीत तळपायांच्या मुंग्या परत आल्या, अशी तिची तक्रार होती.

"इंग्लंडातले रुग्ण इंटरनेटवर लिहितात, मामा, की दोन-तीन महिन्यांच्या ठरीव अंतराने मिळणारे इंजेक्शन त्यांना पुरत नाही, म्हणून ते घरी स्वतःच टोचून घेतात. इतक्या माणसांनी स्वतःच्या देहाविषयी दिलेली साक्ष तुम्ही ऐकीव म्हणून फेटाळणार काय?"

"फेटाळणार नाही, पण ती कोणत्या दाव्यातली, हे आधी पाहीन. त्यांतील पुष्कळांना जो पांडुरोग असतो त्यात, ब-१२ आतड्यातून रक्तात शिरण्यास अवश्य असलेला जठरातला स्रावच नाहीसा झालेला असतो. तुझ्या कागदांत तसे काही नोंदलेले नाही, आणि उणीव दिसते ती आपल्या पिढीजात शाकाहारी ताटात, कारण वनस्पतींत हे जीवनसत्त्व नसतेच. शिवाय गोळी निरुपयोगी, हे त्यांच्याही बाबतीत सरसकट खरे नाही: १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीचा सुमारे शतांश त्या स्रावावाचूनही रक्तात उतरतो, आणि रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमचीच. ज्यांना सुईने गुण आला नाही, ते बहुधा लिहायला बसतच नाहीत, हेही लक्षात ठेव."

"मधुमेही रोज इन्शुलिन टोचून घेतात, त्यांना कोणी अडवत नाही. ब-१२ जास्त झाले तर लघवीवाटे निघून जाते. माझ्या देहाचे मुखत्यारपत्र मी कोणालाही लिहून दिलेले नाही."

"मुखत्यारी तुझीच, आणि तू म्हणतेस ते बहुतांशी खरेही आहे, पण एका जीवनसत्त्वाविषयीचे खरे विधान माणसे दुसऱ्याला बिनदिक्कत लावतात, आणि मग मेदात साठणाऱ्या ड-जीवनसत्त्वाची सहा लाख युनिटांची इंजेक्शने वरचेवर घेऊन रक्तातले कॅल्शियम वाढवतात व मूत्रपिंडांस इजा करून घेतात. म्हणून ज्या मजकुरात आपण कोणाला लागू नाही हेही लिहिलेले असते, तोच मी थोड्या विश्वासाने वाचतो."

"आणि इंजेक्शनांनी मला बरे वाटले, याला काहीच किंमत नाही?"

"आपल्या मुंबईतलेच सांगतो. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टरीण तेथे आली, गिरणीत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा तिने अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो हटतो, हे दाखवून दिले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य म्हणजे पुढे ओळखले गेलेले फोलिक आम्ल. आता हेच आम्ल ब-१२ च्या उणिवेत एकटे दिले, तर रक्त सुधारते, थकवा ओसरतो, रोगी दुवा देतो, आणि आत मज्जारज्जूचा ऱ्हास मात्र निर्वेध चालू राहतो. हिमोग्लोबिनचा आकडा आणि रोग्याचा जबाब एकमेकांना दुजोरा देतात, आणि दोघेही फसवतात."

"मग त्याच न्यायाने डॉक्टरांचा अहवालही अविश्वसनीय ठरला. छापील आकडा खरा आणि माझ्या मुंग्या खोट्या, हा पक्षपात कशाला?"

मामा क्षणभर थांबले. उलटतपासणीत आपलाच साक्षीदार फुटावा, तसे त्यांना झाले असावे.

"बरोबर धरलेस. रक्तातली पातळी मर्यादेत दिसूनही पेशींत उणीव राहू शकते, आणि म्हणूनच अशा उणिवेत वाढणाऱ्या मेथिलमॅलॉनिक आम्लाची तपासणी सांगतात. पण ती होण्याआधी सुई टोचलीस, तर पातळी फुगेल, ते आम्ल उतरेल, आणि मुंग्या ब-१२ च्या होत्या की मधुमेहासारख्या दुसऱ्या कशाच्या, हे ठरवण्याचा पुरावाच तुझ्या हातून नष्ट होईल."

"तपासणीत काहीच निघाले नाही, आणि पाय तसेच राहिले, तर?"

"तर इंजेक्शन पुन्हा देऊन पाहावे, ही तुझी बाजू मी स्वतः डॉक्टरांपुढे मांडीन. सुई परिचारिकेने टोचावी की शिकून घेऊन तू, हा मला गौण मुद्दा वाटतो. मात्रा आणि अंतर यांखाली मात्र जबाबदार माणसाची सही असली पाहिजे."

भाचीला हे पटले असे म्हणता येत नाही. सही करणारा चुकला तर मुंग्या सोसायच्या कोणी, एवढेच तिने विचारले. आणि मामांनी, जन्मभराच्या सवयीने, त्यावर पुढची तारीख दिली.