आजचं चिंतन: कर्म, फळ आणि ताईचा रिपोर्ट

आजचा श्लोक गीता २.४७. पाठ असतो हो सगळ्यांना.

काल ताईचा फोन आला. वय ४१, दोन गर्भपात, आता आयव्हीएफ. तीन भ्रूणांची गुणसूत्रं तपासली: दोन सदोष, एक ‘मोझेक’. "तू इंजिनिअर ना, सांग काय करू?"

मी पटकन म्हणालो, "दोन फेल, एक डाउटफुल."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "अरे, तुझ्या कोडबद्दल बोलतोयस का?"

लाज वाटली. रात्री वाचत बसलो. वय वाढतं तशी स्त्रीबीज तयार होताना गुणसूत्रांची वाटणी चुकण्याची शक्यता वाढते. तपासणीला भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या मोजक्या पेशी काढतात. त्या थरातून पुढे वार बनते. बाळ ज्यातून घडतं, तो आतला पुंजका तपासलाच जात नाही! मोझेक म्हणजे काही पेशी ठीक, काही नाहीत. अशा भ्रूणांतूनही निरोगी बाळं जन्मली आहेत.

तपासणी चूक, असं मी म्हणणार नाही. तिसरा गर्भपात टाळायची धडपड हेही कर्मच. (मुलगा की मुलगी हे कायद्याने सांगत नाहीत, ते बरंच आहे.) पण रिपोर्ट आला की फळच हातात आलं, असं मला वाटलं, आणि तेही तिच्या वतीने.

आज सकाळी तिला सॉरी म्हणालो. शनिवारी जेनेटिक काउन्सेलरकडे सोबत जातोय. ठरवणार ती आणि जिजू. तोवर तो एक भ्रूण गोठवलेलाच आहे.