बाग कोणाची?

वाचावयाचा शास्त्रभाग: उत्पत्ति २:४-१७



ह्या शास्त्रभागात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. देवाने मनुष्यास बागेत ठेविले ते तिची मशागत व राखण करण्याकरिता. फळे खाण्याची मोकळीक त्यास त्यापुढील वचनात मिळाली. काम अगोदर, उपभोग मागाहून. पाप जगात येण्यापूर्वीच हे काम नेमून दिलेले असल्यामुळे त्यास शिक्षा म्हणता येत नाही. तो मनुष्याचा मान होय.

आपल्या जिल्ह्याच्या नगर शहराजवळ फराहबाग आहे. निजामशाहीच्या काळी मोठ्या तलावाच्या मध्यभागी उभारलेला तेथील महाल १५८३ साली पुरा झाला. ती बाग राजाची होती. राजे गेले, त्यांच्याबरोबर राखणारेही गेले; आज तेथे भग्न वास्तू उभी आहे. जी बाग एकाची, ती त्या एकाबरोबर संपते.

मग जी सर्वांची, तिचे काय? तिची गत ह्याहून बरी व्हावयास हवी. परंतु सर्वांची म्हणजे कोणाचीच नव्हे, असे आपण मनात धरतो. बागेत बसून शेंगा खातो व टरफले तेथेच टाकून उठतो. लेकरू फांदी मोडते, तर आपण हसतो. नगरपरिषदेची माणसे पाहून घेतील, असे म्हणतो. आम्हीही असे वागलो आहोत, हे लपवून उपदेश करणे योग्य होणार नाही.

बंधूंनो, 'सार्वजनिक' हा शब्द आपल्या वाडवडिलांस फुकट मिळाला नाही. सार्वजनिक पाणवठे व धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुल्या कराव्या, असा सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत झाला. तरीही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्याकरिता डॉ. आंबेडकर व त्यांच्या अनुयायांस १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, व त्यांपैकी पुष्कळांनी मार खाल्ला. पुढे १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने सरकारी खर्चाने राखलेली सार्वजनिक स्थळे सर्वांस समान खुली केली. ज्या फाटकातून आजोबांस आत जाता आले नसते, त्यातून नातू आज निर्धास्त जातो. इतक्या मोलाने मिळालेली जागा आपल्याच हातांनी उकिरडा व्हावी काय?

राहुरीकरांस झाडांची विद्या शिकण्यास दूर जावे लागत नाही; १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषि विद्यापीठ येथेच आहे. उणीव आहे ती सातत्याची. पावसाळ्यात रोपे लावण्याचा समारंभ होतो, आणि वैशाखात तीच रोपे काड्या होऊन उभी असतात. रोप लावण्यास एक दिवस पुरतो. जगविण्यास दोन-तीन उन्हाळे लागतात. बुंध्याभोवती आळे, आळ्यात पाचोळ्याचे आच्छादन, भोवती काटेरी कुंपण, आणि ठरल्या दिवशी पाणी: ह्यात न कळण्याजोगे काही नाही.

नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव पाहा. पोपटराव पवार १९८९ साली तेथे सरपंच झाले. गावकऱ्यांनी श्रमदान केले, डोंगरावर चराई व कुऱ्हाड बंद केली. परंतु गवत कापून नेण्यास मनाई केली नाही. जो राखतो त्यास उपभोगही मिळतो; शास्त्रभागातील क्रम हाच आहे.

उपभोग म्हणजे काही पाप नव्हे. आपला प्रभू शिष्यांसह वारंवार गेथशेमाने बागेत जात असे. म्हाताऱ्यांनी बाकावर बसावे, लेकरांनी खेळावे, दमलेल्या मायबहिणींनी घटकाभर सावली घ्यावी. ह्याकरिताच बाग आहे.

म्हणून आमची विनंती इतकीच. प्रत्येक मंडळीने नगरपरिषदेस किंवा ग्रामपंचायतीस विचारून बागेचा, शाळेच्या आवाराचा किंवा स्मशानभूमीचा एक कोपरा मागून घ्यावा. दर कुटुंबाने एक झाड पतकरावे. शेजारच्या हिंदू व मुसलमान बांधवांसही बोलवावे, कारण सावली कोणाचा धर्म विचारीत नाही. पुनरुत्थानाच्या सकाळी मरीयेने प्रभूस पाहिले, तेव्हा तो माळी आहे असे तिला वाटले. आपणांस पाहूनही कोणास तसेच वाटले, तर त्यात आपला कमीपणा नाही.