बनवणे आणि दुरुस्त करणे

रायपूरच्या गॅरेजांतील हिंदीत बिघडलेली गाडी पुन्हा चालू झाली की 'गाडी बन गयी' असे म्हणतात. मराठीतला शब्द आहे 'दुरुस्त'. तो फारसीतून आला, आणि त्याचा अर्थ योग्य, ठीक. एका शब्दात निर्मिती आहे, दुसऱ्यात योग्यता. जुन्या वस्तूत दुसरा भाग बसवताना आपण नेमके काय करतो, या प्रश्नाची ही दोन उत्तरे होत.

रायपूरहून धमतरी, कांकेर आणि केशकालचा घाट ओलांडत बस्तरकडे जाणाऱ्या जुन्या जीपगाडीचा विचार करा. तिच्या गिअरपेटीचे दाते झिजले आहेत, प्रॉपेलर शाफ्ट खिळखिळा झाला आहे. दोन्ही बदलले तर गाडी तीच राहते काय? 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन मिलिंद राजाला असेच विचारतो : आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय? अखेर 'रथ' हे अवयवांच्या आश्रयाने चालणारे केवळ नाव ठरते. शासनाचे उत्तर अधिक सोपे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालील नोंदणीत चासी आणि इंजिन यांचे क्रमांक असतात. गिअरपेटीला तेथे स्थान नाही. कागदावर गाडी तीच राहते.

कारागिराची अडचण मात्र नावाने सुटत नाही आणि क्रमांकानेही नाही. तीन गिअरच्या पेटीऐवजी चार गिअरची लांब पेटी बसवली, की मागचा शाफ्ट तेवढाच आखूड करावा लागतो आणि पुढचा लांब. शाफ्टच्या क्रॉस-सांध्याचा एक स्वभावदोष आहे. कोनात फिरताना तो दर फेऱ्यात दोनदा गती वाढवतो आणि दोनदा घटवतो. दुसऱ्या टोकाचा सांधा हाच दोष उलट करून फेडतो. पण त्यासाठी शाफ्टवरील दोन्ही काटे एका रेषेत आणि दोन्ही कोन समान असावे लागतात. वेल्डिंग करताना काटे फिरले, तर भाग नवे असूनही गाडी थरथरते.

म्हणून वस्तूचे तेपण तिच्या मूळ द्रव्यात शोधणे मला अपुरे वाटते. ते जुळणीत असते. आणि जुळणी हे नैतिक कर्म आहे, कारण तिच्यातील कसूर पाहणाऱ्याला दिसत नाही. पुष्कळ जुन्या जीपांत हातब्रेक चाकांवर नसून मागच्या शाफ्टवर काम करतो. तो शाफ्ट घाटात तुटला, तर चाल जाते आणि मागची चाके धरून ठेवण्याची हातब्रेकची ताकदही त्याच क्षणी संपते. त्या वेळी गाडीत बसलेल्यांनी शाफ्ट कोणी कापला, कोणी जोडला, हे कधी पाहिलेले नसते.

पुढे ती गाडी विकली जाते. नोंदणीपुस्तक गिअरपेटीविषयी मौन पाळते आणि विकणाराही गप्प राहिला तरी कायद्याचा कागद खोटा ठरत नाही. तथापि, 'बनवली' म्हणण्याचा अधिकार सांगणाऱ्याने काय बनवले तेही सांगितले पाहिजे. पेटी कोणत्या गाडीची, शाफ्ट किती कापला, संतुलन तपासले की नाही, एवढे घेणाऱ्याला कळले तरच ती गाडी 'दुरुस्त' या शब्दाला पात्र होते. मौन बाळगून दिलेली गाडी घाट चढेलही. पण ती उतरताना धोका कोणी पत्करायचा, हे विकणाऱ्याने परस्पर ठरवलेले असते.